लघुग्रहाची नोंद कशी वाचावी: कावलूरचा ‘रामानुजन’ आणि मद्रासची ‘एशिया’

बातम्यांत येतात ते पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातले लाखो लघुग्रह मात्र निमूट फिरत असतात. त्यांतल्या कुणाचीही ओळख करून घ्यायची असेल, तर नासाच्या जेपीएल (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी) या प्रयोगशाळेच्या ‘स्मॉल-बॉडी डेटाबेस’मध्ये त्याचं नाव किंवा क्रमांक टाका. समोर आकड्यांची गर्दी दिसेल. सुरुवातीला त्यातले तीन-चारच पुरतात.

१. शोधाची खूण उलगडा

‘४१३० रामानुजन’ उघडा. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांना तो १७ फेब्रुवारी १९८८ रोजी सापडला. त्याची तात्पुरती खूण आहे ‘१९८८ डीक्यू१’. वर्षानंतरचं पहिलं अक्षर पंधरवड्याचं: ए म्हणजे जानेवारीचा पूर्वार्ध, बी उत्तरार्ध, असं मोजत गेलं की डी येतो फेब्रुवारीच्या उत्तरार्धाला. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातल्या शोधाचा क्रम सांगतं. ‘आय’ वगळल्यामुळे अक्षरं २५ उरतात आणि क्यू सोळावं ठरतं. शेवटचा १ म्हणजे अक्षरांची एक फेरी संपली. २५ अधिक १६, म्हणजे त्या पंधरवड्यातली एक्केचाळिसावी नोंद! ४१३० हा कायमचा क्रमांक मात्र कक्षा पक्की ठरल्यावरच मिळतो.

२. परिभ्रमणकाळ स्वतः काढा

डेटाबेस तो आयता देतोच, पण हातानं काढण्यात मजा आहे. यासाठी ‘६७ एशिया’ घेऊ. नॉर्मन पॉगसन यांना मद्रास वेधशाळेत १७ एप्रिल १८६१ रोजी सापडलेला हा लघुग्रह आशिया खंडातून लागलेला पहिलाच, म्हणून हे नाव.

लहान ‘ए’ या अक्षरासमोरचा आकडा म्हणजे सूर्यापासूनचं सरासरी अंतर, खगोलीय एककांत (पृथ्वी ते सूर्य = १). एशियासाठी तो सुमारे २.४२ आहे. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा घन करा, मग वर्गमूळ काढा: १४.१७, आणि मग ३.७६. एवढी वर्षं एशियाला एका फेरीला लागतात. हा केप्लरचा तिसरा नियम.

आता हेच गणित २.५ घेऊन करा. उत्तर ३.९५ वर्षं, म्हणजे गुरूच्या ११.८६ वर्षांच्या बरोबर तिसरा हिस्सा. तिथल्या लघुग्रहाला गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसते, कक्षा लांबट होत जाते आणि तो तिथून हुसकला जातो. म्हणून पट्ट्यात या अंतरावर फट आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डॅनियल कर्कवूड यांच्या नावानं ती ओळखली जाते. एशिया तिच्या जेमतेम अलीकडे आहे.

३. कक्षा किती लांबट?

लहान ‘ई’ म्हणजे विकेंद्रता, कक्षेच्या लांबटपणाचं माप (पूर्ण वर्तुळ = ०). एशियाची साधारण ०.१८५. २.४२ ला (१ − ०.१८५) नं गुणलं की सूर्याच्या सर्वांत जवळचं अंतर येतं १.९७, (१ + ०.१८५) नं गुणलं की सर्वांत दूरचं, २.८७. ‘आय’ हा पृथ्वीच्या कक्षेशी असलेला कल. इथे सुमारे ६ अंश.

कक्षा किती खात्रीनं ठरली आहे ते सांगणारा ‘कंडिशन कोड’ही बघून घ्या. ० असेल तर कक्षा भक्कम, ९ असेल तर बेभरवशाची.

४. आकाशात शोधा

एशिया सुमारे सोळा महिन्यांनी प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला येते. प्रतियुतीच्या वेळी ती सूर्याजवळच्या भागात असेल तर साधारण दहाव्या प्रतीपर्यंत उजळते (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद). दूरच्या भागात असेल तर बरीच मंद राहते, तेव्हा लहान दुर्बीणवाल्यांनी पहिली संधी धरावी. जेपीएलच्याच ‘होरायझन्स’ सेवेतून तुमच्या गावासाठी त्या रात्रीचं स्थान मिळेल. दुर्बिणीतून ती ताऱ्यासारखाच ठिपका दिसते, त्यामुळे एका रात्रीत ओळख पटत नाही. त्या भागातल्या ताऱ्यांचं रेखाटन करा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा करा. जो ठिपका चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका पश्चिमेकडे सरकला असेल, ती एशिया.