बायबलमधली माणसं आणि प्रसंग क्रमाने कसे लावावेत

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बरेच जण तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, अडकतात. उत्पत्ति गोष्टींच्या ओघात संपतं, निर्गम अर्ध्यापर्यंत पळतं, मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं आणि होमार्पणांचे नियम सुरू होतात आणि पुस्तक मिटतं. मी नगरला आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. मुलांचे पालक, कधी शेजारपाजारचे ख्रिस्ती नसलेले लोकही विचारतात, अब्राहाम आधी की मोशे, दावीद नेमका कुठं बसतो? त्यांना मी जी पद्धत सांगते ती इथं लिहिते आहे.

जुन्या कॅलेंडरची पानं मागच्या कोऱ्या बाजूने चिकटवून लांब पट्टी करा. तिच्यावर आधी फक्त दोन उभ्या रेघा मारायच्या. एक दावीद राजाची, साधारण इ. स. पू. १०००. दुसरी बाबेलच्या बंदिवासाची, इ. स. पू. ५८६, म्हणजे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम आणि दावीदाच्या मुलाचं, शलमोनाचं, मंदिर जाळून लोकांना बाबेलला धरून नेलं ते वर्ष. या दोन खुंट्या माझ्या मनच्या नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पहिल्या अध्यायातली वंशावळ अशीच मोडलेली आहे: अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. नाव कुणाचंही येवो, पहिला प्रश्न हाच: हा दावीदाआधीचा की नंतरचा, बंदिवासाआधीचा की नंतरचा? एवढं उत्तर आलं की निम्मा गोंधळ संपतो.

वाचनाला सुरुवात रूथच्या पुस्तकापासून करा. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परत येते, आणि तिची परदेशी सून रूथ तिला सोडायला तयार होत नाही. शेवटच्या ओळींत कळतं की रूथ आणि बवाज यांचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय आणि इशायाचा दावीद. पहिल्या खुंटीपर्यंत तुम्ही एका विधवेच्या घरातून पोचता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सुरुवात लढाईपासून केली की मुलं दावीदाने मारलेल्या धिप्पाड गल्याथलाच धरून बसतात.

मग १ शमुवेल १६ पासून २ शमुवेलाच्या शेवटापर्यंत दावीद सलग वाचा. शौल राजा, त्याचा मुलगा योनाथान, गल्याथ हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. थांबायचं ते २ शमुवेल ११ आणि १२ वर. बथशेबेसाठी दावीद तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवतो, आणि नाथान संदेष्टा दरबारात उभा राहून गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून न्याय वदवतो. राजाला तोंडावर सांगणारा माणूस म्हणजे संदेष्टा, हे इथं समजलं की पुढचे सगळे संदेष्टे समजतात.

आता मागे या. पट्टीच्या डाव्या टोकाला अब्राहाम: खास्द्यांच्या ऊर शहरातून हारान, तिथून कनान. इथं सालं नकोत, घराणं काढा. अब्राहाम आणि सारा यांचा इसहाक, दासी हागारेचा इश्माएल. इसहाक आणि रिबका यांचे एसाव आणि याकोब. याकोबाचे बारा मुलगे चार आयांचे, लेआ, राहेल, बिल्हा आणि जिल्पा. आया लिहाच. योसेफाचा भावांना इतका मत्सर का वाटला हे आयांशिवाय कळत नाही. या बाराजणांवरूनच पुढे इस्राएलाचे बारा वंश मोजतात. योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विकला जातो, त्याच्यामागे दुष्काळात सगळं कुटुंब तिकडे जातं, पुढच्या पिढ्या गुलाम होतात आणि मोशे त्यांना बाहेर काढतो. मिसरातून सुटकेची, वल्हांडणाची रात्र (निर्गम १२), तांबडा समुद्र (१४), सीनायवरच्या दहा आज्ञा (२०) आणि सोन्याचं वासरू (३२) हे अध्याय वाचा, मापं नंतर कधीतरी. मोशेचं नक्की वर्ष लिहू नका, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पण मर्नेप्ताह या मिसरी राजाच्या, इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात कनानमधले लोक म्हणून इस्राएलाचं नाव येतं, ते पेन्सिलीने नोंदवायला हरकत नाही.

दोन खुंट्यांच्या मधला भाग सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा. शलमोनानंतर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, ओझं हलकं कर म्हणून जातात. तो म्हाताऱ्या मंत्र्यांचं ऐकत नाही, बरोबरीच्या पोरांचं ऐकतो, आणि राज्य फुटतं (१ राजे १२). इथून पट्टीवर दोन आडव्या रेघा: वर उत्तरेचं इस्राएल, खाली दक्षिणेचं यहूदा. वरची रेघ इ. स. पू. ७२२ ला अश्शूरच्या साम्राज्याने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतल्यावर संपवा, खालची ५८६ ला.

संदेष्ट्यांना या दोन रेघांवर बसवण्याची सोपी युक्ती आहे. त्यांच्या पुस्तकाची पहिली दोन-तीन वचनं वाचायची. आमोस, होशेय, यशया, यिर्मया, सगळ्यांच्या आरंभीच राजांची नावं दिलेली आहेत. आमोस तर भूमिकंपाच्या दोन वर्षं आधी, असंही सांगतो. आमोस आणि होशेय वरच्या रेघेवर जातील, यशया खाली यहूदाच्या हिज्कीया राजाजवळ. इ. स. पू. ७०१ ला अश्शूरच्या सन्हेरीबाने हिज्कीयाला यरुशलेमात वेढलं. सन्हेरीबाच्या स्वतःच्या कोरीव लेखात त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं असं लिहिलंय, आणि २ राजे १८-१९ मध्ये तोच वेढा आतून दिसतो. यिर्मया ५८६ च्या रेघेवरच उभा आहे, यहेज्केल तिच्या पलीकडे, बाबेलात. बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्यांचं १३७ वं स्तोत्रही तिथंच चिकटवा.

रेघेनंतर पारसाचा राजा कोरेश लोकांना परत जाऊ देतो (५३८), दुसरं मंदिर पुरं होतं (५१५), एज्रा आणि नहेम्या येतात. ज्यू लोकांचं बायबल, तनाख, कोरेशाच्या या हुकमावर संपतो, कारण त्यांच्या क्रमात इतिहासाचं पुस्तक शेवटी आहे. आमच्या जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाचा, शेवट मलाखीने होतो. मजकूर तोच, ते २४ पुस्तकं मोजतात, आम्ही प्रॉटेस्टंट ३९. कॅथलिकांकडे ४६, त्यात मक्काबींची पुस्तकं आहेत. ती मिळवून वाचाच, नाहीतर मलाखीनंतर पान उलटल्यावर रोमी शिपाई, नियम काटेकोर पाळणारे परूशी आणि जकातदार कुठून आले ते कळणार नाही. मंदिर विटाळणारा ग्रीक राजा अंतियोख, इ. स. पू. १६४ चं शुद्धीकरण ज्याचा हनुक्का सण होतो, आणि ६३ ला रोमी सेनापती पाँपेयने यरुशलेम घेणं, एवढ्या तीन नोंदी तरी करा.

नव्या करारात मार्क आधी, सगळ्यात छोटं शुभवर्तमान. त्याच्या १६ अध्यायांतले शेवटचे ६ येशूच्या एका आठवड्याचे आणि पुनरुत्थानाचे आहेत, यावरून भर कुठं आहे ते दिसेल. मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच लेखकाने थियफिल नावाच्या माणसासाठी लिहिलीत. पट्टीचा शेवट इ. स. ७० ला करा, तेव्हा रोमी सैन्याने दुसरं मंदिर पाडलं.

सारख्या नावांसाठी चिठ्ठ्या लागतात. याकोब हा इसहाकाचा मुलगा, येशूचा शिष्य असलेला जब्दीचा मुलगा आणि येशूचा भाऊही. यहूदा म्हणजे याकोबाचा मुलगा, दक्षिणेचं राज्य, आणि येशूला धरून देणारा इस्कर्योतही. हेरोदांचा घोळ सगळ्यात मोठा. बेथलेहेमची बाळं मारवणारा थोरला हेरोद इ. स. पू. ४ ला मेला, म्हणून येशूचा जन्म त्याआधीचा धरतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडवणारा त्याचा मुलगा अंतिपा. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये जब्दीच्या याकोबाला मारणारा नातू अग्रिप्पा, आणि २५-२६ मध्ये प्रेषित पौलाचं म्हणणं ऐकणारा पणतू, दुसरा अग्रिप्पा. प्रत्येक चिठ्ठीवर बापाचं नाव आणि एक कृत्य लिहा.

पट्टी भरली की एकाच माणसाचा माग काढून बघा. मी एलीया देते. १ राजे १७ पासून २ राजे २ पर्यंत त्याचं आयुष्य: अहाब राजा, त्याची राणी ईजबेल, कर्मेल डोंगर, अग्निरथ. मलाखीच्या शेवटी तो परत येणार असं वचन, म्हणून शुभवर्तमानांत लोक योहानाला विचारतात, तू एलीया आहेस का; डोंगरावर तो मोशेबरोबर येशूशी बोलताना दिसतो. ज्यू घरांत वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू लोक एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यातून तो स्वर्गात गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. पट्टीवर या सगळ्या जागा एका रंगाने जोडा. नंतर तसंच मोशेची बहीण मिर्याम, पेत्र किंवा मग्दालीया मरीया घ्या, रंग बदलून.