क्लस्टरला प्रश्न विचारायला शिका, टूल्स मागून येतील

आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्यांना कुबरनेटीस (अनेक मशीन्सच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली) शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं. पहिल्याच दिवशी विचारणा होते, "कोणकोणती टूल्स टाकून घेऊ?" मी तीनच सांगते: डॉकर (कंटेनर चालवायला), काइंड (लॅपटॉपवर सरावाचं क्लस्टर उभं करायला) आणि कुबेक्टल (टर्मिनलवरून क्लस्टरशी बोलायला). हेल्म, केनाइन्स, लेन्स, आर्गो सीडी ही चांगली साधनं आहेत, त्यातली काही मी रोज वापरते. पण प्रत्येक साधन तुमच्या वतीने एखादं काम करत असतं. ते काम आधी हाताने केलेलं नसेल, तर अडल्यावर दोष साधनाचा की क्लस्टरचा, हेच कळत नाही.

आणि सुरुवात क्लस्टरपासूनही करू नका. लिनक्सचं मशीन घ्या, डॉकरने एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा कंटेनर सुरू करा आणि बाहेरच्या टर्मिनलवर पीएस ही चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड चालवा. एन्जिनएक्स इतर प्रोसेसच्या रांगेत उभा दिसेल. कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे, ती याच कर्नलवरची एक प्रोसेस आहे, हे इथे डोळ्यांनी दिसतं. मग रूट होऊन अनशेअर ही कमांड पीआयडी, फोर्क आणि माउंट-प्रॉक या फ्लॅग्जसह बॅशसाठी चालवा आणि आत पुन्हा पीएस मारा. आता फक्त बॅश आणि पीएस दिसतात, आणि बॅशचा क्रमांक आहे १. डॉकरला हात न लावता तुम्ही नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला दिसणारं वेगळं जग, तयार केलात. राहिले सीग्रुप्स, ते २००८ पासून कर्नलमध्ये आहेत आणि मेमरी, सीपीयू यांवर मर्यादा घालतात. एवढं समजलं की पुढे एखादा कंटेनर १३७ एक्झिट कोड देऊन मेला तर गोंधळायला होत नाही. १२८ अधिक ९; ९ म्हणजे सिगकिल; बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने मारलेला. कुबेक्टल डिस्क्राइबमध्ये ओओएमकिल्ड (मेमरी संपल्याने मारला) लिहिलेलं सापडलं की खात्री पटते.

सरावाचं क्लस्टर

लॅपटॉप जुना असेल किंवा रास्पबेरी पाय हाताशी असेल तर केथ्रीएस घ्या. डॅशबोर्ड, इन्ग्रेस वगैरे ॲडऑन एका कमांडने हवे असतील तर मिनिक्यूब. मी शिकवताना काइंड वापरते, कारण त्यात प्रत्येक नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) हा डॉकरचा कंटेनर असतो, आणि त्यामुळे नोड मारून बघता येतो. छोट्या यॅमल (कॉन्फिगरेशन लिहायची पद्धत) फाइलमध्ये एक कंट्रोल प्लेन (क्लस्टर सांभाळणारा नोड) आणि दोन वर्कर (प्रत्यक्ष काम चालवणारे नोड) लिहा, क्लस्टर उभं करा. तुम्ही बनवलेली इमेज (ज्यावरून कंटेनर सुरू होतो तो साचा) काइंडला आपोआप दिसत नाही, ती लोड कमांडने आत ढकलावी लागते. आणि टॅग लेटेस्ट ठेवलात तर पुल पॉलिसी ऑलवेज धरली जाते, मग इमेज आत असूनही क्लस्टर रजिस्ट्रीकडे (इमेजच्या बाहेरच्या साठ्याकडे) धावतं आणि इमेजपुलबॅकऑफ, म्हणजे इमेज आणता आली नाही, असं दिसतं. म्हणून टॅग नेहमी स्वतःचा द्या.

आता एका डिप्लॉयमेंटचे (ठरवलेल्या संख्येने पॉड चालू ठेवणाऱ्या ऑब्जेक्टचे) तीन-चार पॉड (एक किंवा अधिक कंटेनरचे गट) चालवा आणि डॉकर स्टॉप करून एक वर्कर बंद पाडा. साधारण पाऊण मिनिटात नोड नॉटरेडी होतो. पॉड मात्र लगेच दुसरीकडे जात नाहीत. इथे जवळपास प्रत्येक जण मला म्हणतो की सेल्फ-हीलिंग चालत नाहीये. थांबा, घड्याळ लावा. प्रत्येक पॉडला आपोआप एक टॉलरेशन मिळतं: नोड हरवला तरी ३०० सेकंद वाट बघायची. नेटवर्क क्षणभर गेलं म्हणून सगळं हलवाहलव करू नये, यासाठी ते आहे. पॉडचं पूर्ण यॅमल काढा आणि ते टॉलरेशन शोधा. तुम्ही न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी तिथे भरलेल्या दिसतील. त्या वाचण्यात घालवलेली संध्याकाळ मला अनेक व्हिडिओंपेक्षा मोलाची वाटते.

काही बिघडलं की

क्रम ठरवून घ्या. आधी कुबेक्टलची गेट कमांड, मग डिस्क्राइब, मग लॉग्ज. नवे लोक थेट लॉग्जवर उडी मारतात, पण पेंडिंग पॉडला लॉग्ज नसतातच. त्याचा कंटेनर अजून सुरूच झालेला नाही. पेंडिंगचं कारण डिस्क्राइबच्या तळाशी, इव्हेंट्समध्ये असतं. तिथे "इनसफिशियंट मेमरी" असेल आणि नोडवर तर मेमरी मोकळी दिसत असेल, तर लक्षात ठेवा: शेड्यूलर (पॉडसाठी नोड निवडणारा भाग) प्रत्यक्ष वापर बघत नाही, पॉड्सनी मागितलेल्या रिक्वेस्ट्सची बेरीज बघतो.

क्रॅशलूपबॅकऑफ (कंटेनर पुन्हा पुन्हा कोसळतोय) असेल तर लॉग्जला प्रीव्हियस फ्लॅग लावा, म्हणजे मेलेल्या कंटेनरचं शेवटचं बोलणं ऐकू येतं. पुन्हा सुरू होण्यातलं अंतर १० सेकंदांपासून दुप्पट होत ५ मिनिटांपर्यंत जातं, त्यामुळे दुरुस्तीनंतरही पॉड निवांत बसलेला दिसला तर घाबरू नका. पॉड छान चालतोय पण सर्व्हिस (पॉडपर्यंत पोचवणारा स्थिर पत्ता) उत्तर देत नाही? एंडपॉइंट-स्लाइस, म्हणजे सर्व्हिसमागच्या पॉडच्या पत्त्यांची यादी, बघा. यादी रिकामी असेल तर सर्व्हिसचा सिलेक्टर आणि पॉडची लेबलं जुळत नाहीत; पत्ते आहेत पण रेडी नाहीत असं लिहिलेलं असेल तर रेडिनेस प्रोब (पॉड तयार आहे का ही तपासणी) पास होत नाही. इमेजमध्ये शेल नसेल तर कुबेक्टल डीबगने त्याच पॉडमध्ये तात्पुरता कंटेनर जोडा. ही सोय कुबरनेटीस १.२५ पासून स्थिर आहे.

इव्हेंट्स साधारणपणे तासभरच टिकतात. रात्री पडलेल्या पॉडचं कारण सकाळी शोधायचं असेल तर ते आधीच कुठेतरी साठवलेलं असायला हवं, आणि हे बिघाड होण्याआधी ठरवावं लागतं.

हे सगळं बोटांत बसलं की केनाइन्स टाका, टर्मिनलमध्येच क्लस्टर बघण्याचं फार सुंदर साधन आहे. अनेक पॉडचे लॉग्ज एकत्र बघायला स्टर्न. क्लस्टर आणि नेमस्पेस (इथे क्लस्टरमधला कप्पा, आधीचा कर्नलचा नेमस्पेस नव्हे) बदलायला कुबेसीटीएक्स व कुबेएनएस. सोबत चालू कॉन्टेक्स्ट (सध्या कोणत्या क्लस्टरवर आहात ते) प्रॉम्प्टमध्ये दिसेल अशी सोय कराच, डिलीट मारण्याआधी नजर तिथे गेली पाहिजे. हेल्म (चार्ट नावाची तयार यॅमल पॅकेजेस बसवणारं साधन) वापरताना इन्स्टॉलआधी टेम्प्लेट कमांड चालवून निघणारं यॅमल वाचा. चार्टमध्ये सीक्रेट (पासवर्डसारखी गुपितं ठेवणारा ऑब्जेक्ट) असेल तर तेही उघडून बघा: बेस६४ म्हणजे कूटबद्ध नव्हे, कोणीही ते उलटवू शकतं.

कुठून शिकायचं

पहिला स्रोत तुमच्या टर्मिनलमध्येच आहे. कुबेक्टल एक्स्प्लेनला पॉड, स्पेक, कंटेनर्स असा मार्ग द्या. प्रत्येक फील्डचा अर्थ तुमच्या क्लस्टरच्या आवृत्तीप्रमाणे मिळतो. दुसरा, अधिकृत दस्तऐवज. त्यातले कन्सेप्ट्स सलग वाचा, टास्क्स गरजेप्रमाणे. लिनक्स फाउंडेशनचा कुबरनेटीसची ओळख करून देणारा कोर्स मोफत आहे. काही इन्स्टॉल न करता हात चालवायचा असेल तर किलरकोडावर ब्राउझरमध्येच क्लस्टर मिळतं.

बाहेरचं काहीही वाचताना आधी त्याचं वय ओळखा. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो, त्यामुळे लेख पटकन शिळे होतात. टिलर (जुन्या हेल्मचा क्लस्टरमध्ये बसणारा भाग) बसवायला सांगणारा लेख २०१९ मध्ये आलेल्या हेल्म ३ च्या आधीचा. पॉडसिक्युरिटीपॉलिसी (पॉडवरच्या सुरक्षा-नियमांची जुनी पद्धत) शिकवत असेल तर १.२५ मध्ये ती काढली गेली. डॉकरशिम (कुबरनेटीस आणि डॉकरमधला दुवा) १.२४ मध्ये गेलं, पण त्यामुळे डॉकरने बनवलेल्या इमेज चालायच्या थांबल्या, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या कंटेनरडी या कंटेनर चालवणाऱ्या इंजिनवर तशाच चालतात.

क्लस्टरच्या पोटात शिरायचं असेल तर केल्सी हायटावर यांचं "कुबरनेटीस द हार्ड वे" गिटहबवर आहे. त्यात सर्टिफिकेट्सपासून प्रत्येक भाग हाताने बसवायचा असतो. ते काइंडवरच्या सरावानंतर करा, आधी केलंत तर नुसत्या कमांड उतरवल्या जातात. सीकेए (कुबरनेटीस ॲडमिनिस्ट्रेटरची प्रमाणपत्र) परीक्षा द्यायची असेल तर ती दोन तासांची, थेट टर्मिनलवरची असते आणि अधिकृत दस्तऐवज उघडे ठेवता येतात, म्हणून पाठांतरापेक्षा त्या पानांत झटकन शोधण्याचा सराव करा.

परीक्षा द्या किंवा देऊ नका, पण एक काम माझ्याकडून शिकणारा प्रत्येक जण करतो. एटसीडीचा (क्लस्टरची सगळी माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसचा) स्नॅपशॉट घ्यायचा, एक डिप्लॉयमेंट डिलीट करायची, स्नॅपशॉट नव्या डिरेक्टरीत रिस्टोअर करायचा, कंट्रोल प्लेनवरच्या एटसीडीच्या मॅनिफेस्टमध्ये डेटाचा मार्ग बदलायचा आणि डिप्लॉयमेंट परत आली का ते बघायचं. रिस्टोअरसाठी आता एटसीडीयूटीएल वापरा, एटसीडीसीटीएलमधून ती सोय काढून टाकली आहे.