मानीचा धर्म म्हणजे खिचडी? या चुका टाळा

तिसऱ्या शतकात मानीपंथ स्थापन करणाऱ्या मानीवर लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपसूक उमटतं: ‘त्याने झरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू यांची शिकवण एकत्र केली.’ मग प्रत्येक कल्पनेवर चिठ्ठी चिकटते. प्रकाश-अंधाराचं द्वैत इराणचं, पुनर्जन्म भारताचा, येशू ख्रिस्त्यांचा. शेवटी मानीसाठी काहीच उरत नाही. त्याने या तिघांना आपल्याआधीचे प्रेषित मानलं हे खरं, पण ‘सगळे धर्म सारखेच’ असं त्याला म्हणायचं नव्हतं. ते प्रेषित एकेका प्रदेशापुरते आले, त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिले नाहीत म्हणून शिकवण बिघडली, आणि आता मी शेवटचा, साऱ्या जगासाठी, असा त्याचा दावा. त्याला सर्वधर्मसमभावाचा पुरस्कर्ता ठरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

सर्वांत जास्त फसवतात ती देवांची नावं. अहुर मज्द हे नाव पारशांमुळे आपल्या ओळखीचं, आणि तो त्यांचा परमेश्वर. मानीपंथाच्या मध्य-पर्शियन या जुन्या इराणी भाषेतल्या लिखाणात त्याच नावाचं रूप, ओहर्मझ्द, येतं. पण तिथे तो परमेश्वर नव्हेच. तो आद्यपुरुष. अंधाराशी लढायला उतरतो, हरतो, आणि अंधार त्याचा प्रकाश गिळून टाकतो. सर्वोच्च पित्याला तिथे झुर्वान म्हटलंय. मिहर, म्हणजे मिथ्र, याची तर आणखीच गंमत. मध्य-पर्शियनमध्ये हे नाव ‘जिवंत आत्म्या’ला दिलंय, पार्थियन या दुसऱ्या इराणी भाषेत ‘तिसऱ्या दूता’ला. मानीच्या सृष्टिकथेतली ही दोन वेगळी पात्रं! प्रचारकांनी कथा तीच ठेवली आणि ऐकणाऱ्यांना जवळची वाटतील अशी नावं पात्रांना दिली. म्हणून नाव जुळलं तरी थांबा. ते पात्र कथेत करतं काय, ते आधी पाहा. रोमन साम्राज्यात पुजल्या जाणाऱ्या मिथ्रास देवाबाबतही हाच घोळ होतो: बैल मारणं ही त्याची मुख्य ओळख, आणि इराणी ग्रंथांतल्या मिथ्राची अशी कथाच नाही.

काळाचं भान सुटणं ही दुसरी चूक. चीनच्या फूजियान प्रांतातल्या त्साओआन मंदिरात मानीची दगडी मूर्ती आहे, ‘प्रकाशबुद्ध’ म्हणून. ती १३३९ सालची. मानी जन्मला २१६ साली, बॅबिलोनियात. तो भारताच्या वायव्य भागात येऊन गेला होता, पण त्याच्यावर बौद्ध प्रभाव किती होता हे अकराशे वर्षांनंतरच्या मूर्तीवरून कसं ठरवणार?

आणि साक्षीदार कोण, तेही तपासा. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिन नऊएक वर्षं या पंथाचा ‘श्रोता’, म्हणजे साधा अनुयायी, होता, पुढे कट्टर विरोधक झाला. पंथाचं स्वतःचं लिखाण मोठ्या प्रमाणात हाती आलं ते विसाव्या शतकात: आधी चीनच्या वायव्येतल्या तुर्फानला, मग इजिप्तमध्ये. त्यात जर्मनीतल्या कोलोनला असलेली एक ग्रीक हस्तलिखित पोथी, उंची पाच सेंटिमीटरही नाही. ती १९६९मध्ये उलगडली आणि मानी लहानपणापासून एल्कसाई या ज्यू-ख्रिस्ती स्नानपंथात वाढला हे स्पष्ट झालं. म्हणजे येशू हा खिचडीत मागाहून घातलेला मसाला नव्हता, मानीला ते बाळकडूच मिळालेलं होतं. तेव्हा हाताशी १९७०च्या आधीचं पुस्तक असेल, तर मानीच्या बालपणाबद्दल निदान त्याच्या भरवशावर लिहू नका.