खंजेरी भजनात दम टिकवायचा कसा

भजनात दम तुटतो तो बहुतेक वेळा खांदे उचलून वरवर घेतलेल्या श्वासामुळे. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, मग सतरंजीवर उताणे झोपून बेंबीवर भजनाची वही ठेवा. नाकाने श्वास घेताना वही वर आली पाहिजे, खांदे नाही. जमलं की मांडी घालून बसा. बुडाखाली घोंगडीची घडी घेतली तर कंबर वाकत नाही अन् पोट दबत नाही. सावकाश 4 मात्रांत श्वास घ्या, 12 मात्रांत दातांमधून ‘स्स्स’ करत सोडा. आवाजाचा जोर शेवटपर्यंत सारखा हवा. तो टिकला तरच 16 वर जा. चक्कर आली तर थांबा.

छाती ठासून भरू नका. कोंडलेली हवा पहिल्याच शब्दावर धाडकन सुटते.

श्वासाच्या जागा वहीत पेन्सिलीने मारा. शब्दाच्या मधे एकही नको. टाळकरी ध्रुवपद उचलतात तेव्हा त्यांच्यासोबत ओरडण्याची हौस आवरा, तीच दम घ्यायची जागा. द्रुत लयीत नाक पुरत नाही, तोंडाने घ्या. आणि पेटीवाल्याने काळी चार (पेटीवरचा चौथा काळा सूर, म्हणजे उंच) धरली अन् तुमची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी एक असेल, तर आधी पट्टी उतरवायला सांगा.