असाइनमेंट लिहिताय ना? मग प्रत्येक वाक्याला विचारा, "कशावरून?"

असाइनमेंटचा विषय फळ्यावर लिहून खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून पहिला प्रश्न येतो, "मॅडम, किती पानं?" आणि दुसरा, "पाठपोट लिहायचं का एकाच बाजूला?" मी बीएच्या पोरांना तासिका तत्त्वावर शिकवते, इतकी वर्षं झाली पण "यात नेमकं दाखवायचंय काय?" असं पहिल्या दिवशी कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. पोरांना बोलून उपयोग नाही म्हणा. दहावीपर्यंत आपण लिहितो काय तर "मी पंतप्रधान झालो तर", "पावसाळ्यातील एक दिवस", फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, त्यात एक सुविचार, दोन ओळी कवितेच्या, शेवटी "म्हणूनच म्हणतात ना" आणि संपलं. मार्क पण मिळतात. मग कॉलेजात आल्यावर इतिहासाच्या नाहीतर राज्यशास्त्राच्या पेपरात तेच करतो, वीसपैकी सात पडतात, आणि वाटतं मॅडमचं आपल्याशी काहीतरी वाकडं आहे.

तर फरक एवढाच आहे की शाळेतल्या निबंधात छान वाटलं पाहिजे आणि कॉलेजातल्या निबंधात पटलं पाहिजे. तुम्ही काहीतरी म्हणताय, वाचणारा समोर बसून म्हणतोय "कशावरून?", तुम्ही सांगताय, तो म्हणतोय "बरं मग?", तुम्ही पुढे सांगताय. हे दोन प्रश्न डोक्यात ठेवले तरी निम्मं काम झालं, बाकीचं मी एक खरंखुरं उदाहरण घेऊन दाखवते.

समजा प्रश्न आलाय, "महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेच्या उदयाची पार्श्वभूमी सांगून तिचे चिकित्सक मूल्यमापन करा." आधी प्रश्नातली क्रियापदं बघा. पार्श्वभूमी सांगायचीय हे एक आणि मूल्यमापन करायचंय हे दुसरं, आणि ते पण चिकित्सक. दहातली आठ पोरं पार्श्वभूमीतच चार पानं घालवतात आणि मूल्यमापनाला शेवटच्या पाच ओळी उरतात, तिथे "अशा प्रकारे ही योजना अत्यंत उपयुक्त ठरली" लिहून मोकळी होतात. "टीप लिहा", "स्पष्ट करा", "तुलना करा", "चर्चा करा" ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. तुलना करा म्हटल्यावर आधी दोन पानं एकाबद्दल आणि मग दोन पानं दुसऱ्याबद्दल लिहिली तर ती तुलना होत नाही, ती शेजारीशेजारी ठेवलेली दोन ताटं झाली. चर्चा करा म्हटलं की दोन बाजू हव्यातच.

मग लिहायला बसायच्या आधी एका कोऱ्या कागदावर तुम्हाला जे पक्कं माहितीये ते उतरवून काढा, वाक्यं नकोत, नुसते तुकडे. या विषयावर माझा कागद असा दिसेल: १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणं, सुकडी (मजुरांना मिळायचा पौष्टिक कोरडा खाऊ), मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी). वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, योजनेचे जनक म्हणतात. त्याआधी १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग. १९७५ चा व्यवसाय कर, योजनेला पैसा. १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना मिळतं), नाला बंडिंग म्हणजे ओढ्याला बांध, रस्ते. फायदा कोणाला, मजुराला की ज्याची विहीर आहे त्याला? २००५ चा केंद्राचा कायदा. बास. आता या कागदाकडे बघत बसायचं आणि स्वतःला विचारायचं की हे सगळं मिळून काय म्हणतंय. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून हा कागद रिकामा राहिला तर उठा आणि लायब्ररीत जा, पेन घेऊन बसण्यात अर्थ नाही.

कागदावरून तुम्हाला एक विधान काढायचंय, सगळा निबंध त्याच्यासाठी. आणि विधान असं पाहिजे की एखादा शहाणा माणूस "नाही बुवा, मला नाही पटत" असं म्हणू शकेल. "रोजगार हमी योजना ही ग्रामीण महाराष्ट्रासाठी महत्त्वाची योजना आहे" याला कोण नाही म्हणणार? कोणीच नाही, म्हणजे सिद्ध करायला काहीच उरलं नाही, मग पानं भरायला पाल्हाळ लावावं लागतं. त्यापेक्षा हे बघा: "रोजगार हमी योजनेचं नवेपण सरकारने कामं काढण्यात नव्हतं, काम मागायचा हक्क कायद्यात लिहिण्यात होतं." यावर भांडता येतं. कोणी म्हणेल हक्क कागदावरच राहिला, कोणी म्हणेल कामं तर आधीपासून होती मग काय मोठं केलं. भांडण शक्य आहे म्हणजे निबंध शक्य आहे.

आता परिच्छेद. माझ्याकडे साधारण असा परिच्छेद येतो (हा मीच बनवलाय, कोणाच्या वहीतला उचललेला नाही, पण माझी पोरं वाचतील तर ओळखतील):

"महाराष्ट्र हे एक प्रगत राज्य आहे. महाराष्ट्रात अनेक वेळा दुष्काळ पडतो. १९७२ साली भीषण दुष्काळ पडला. लोकांचे खूप हाल झाले. शासनाने रोजगार हमी योजना सुरू केली. वि. स. पागे यांना योजनेचे जनक म्हणतात. १९७७ साली कायदा झाला. या योजनेमुळे लोकांना खूप फायदा झाला. आजही बेरोजगारी ही मोठी समस्या आहे. शासनाने यावर लक्ष दिले पाहिजे."

यात खोटं असं काही नाही, शुद्धलेखन पण बरं आहे. पण शेंडा ना बुडखा! दहा वाक्यं, दहा विषय. "खूप हाल झाले" म्हणजे काय झालं? "खूप फायदा झाला" कशावरून? आणि बेरोजगारी मध्येच कुठून आली? कुठलंही वाक्य उचलून वर किंवा खाली ठेवा, काही फरक पडत नाही, आणि हीच परिच्छेद बिघडल्याची खूण. चांगल्या परिच्छेदातलं वाक्य हलवलं की खालचं वाक्य लटकलं पाहिजे.

हाच मजकूर मी असा लिहीन:

"दुष्काळात सरकारने कामे काढण्याची पद्धत महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेच्या आधीपासून होती. इंग्रजी अमलातही दुष्काळ पडला की रस्ते, तलाव अशी कामे काढून लोकांना मजुरी दिली जात असे. मात्र ही कामे कधी सुरू करायची आणि कधी बंद करायची हे सरकार ठरवत असे. मजुराला काम मागण्याचा हक्क नव्हता. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने हे नाते उलटे केले. ग्रामीण भागातील जी प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे काम मागेल तिला ते देणे ही सरकारची जबाबदारी ठरली आणि काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद झाली. त्यामुळे दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याची गरज, निदान कागदावर तरी, उरली नाही."

पहिलं वाक्य सांगतं आपण कशाबद्दल बोलतोय. दुसरं त्याचा पुरावा. तिसऱ्यातल्या "मात्र"वर परिच्छेद वळतो, आधीची कामं होती पण त्यात काय नव्हतं ते चौथ्यात कळतं. पाचव्यात मुख्य म्हणणं, सहाव्यात त्याचं "कशावरून", आणि शेवटच्यात "बरं मग?" याचं उत्तर. वि. स. पागे गेले कुठे? ते या परिच्छेदात नाहीतच, कारण इथे त्यांचं काम नाही. माहितीये म्हणून सगळं कोंबायचं नाही, ही गोष्ट पोरांना सगळ्यात जड जाते, मला पण जायची.

आणि ते "निदान कागदावर तरी" बघितलंत का, ते मी मुद्दाम ठेवलंय. वाचणाऱ्याच्या मनात शंका आली की पुढचा परिच्छेद तिथून उचलता येतो, "कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात कितपत मिळाला, हे..." असा. परिच्छेद असे एकमेकांत अडकवायचे असतात. नुसतं "तसेच", "त्याचप्रमाणे", "याव्यतिरिक्त" चिकटवून काही होत नाही, ते दोन डबे दोरीने बांधल्यासारखं दिसतं.

विरोधी बाजूला एक परिच्छेद द्याच द्या, आणि तिला उगाच दुबळी करून मांडू नका. या विषयात जुना आक्षेप असा आहे की पाझर तलाव नि बांधबंदिस्ती यांचा फायदा शेवटी ज्याच्याकडे जमीन आणि विहीर आहे त्यालाच जास्त झाला, ज्याने ते खोदलं त्या भूमिहीन मजुराच्या हातात मजुरी तेवढी आली. हे खरं मानूनच उत्तर द्यायचं, म्हणजे मालमत्ता कोणाला मिळाली हा एक प्रश्न आणि काम मागायचा हक्क कोणाला मिळाला हा दुसरा, आपलं विधान दुसऱ्याबद्दल आहे. असं केलं की तुमचं विधान छोटं होतं पण पक्कं होतं. सगळीकडे लोक लिहितात की योजना दुष्काळामुळे आली, तिथे तासगावचा १९६५ चा प्रयोग काढा, म्हणजे कल्पना दुष्काळाच्या आधीची होती आणि दुष्काळाने तिला राज्यभर रेटा दिला असं म्हणता येतं. इथे पागे येतात, आणि इथे ते कामाचे आहेत.

पुराव्याबद्दल एक प्रसंग. एका मुलीने लिहिलं होतं, "माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, दुपारी सुकडी मिळायची." आणि मग घाबरून खोडलं, कारण कोणीतरी सांगितलं की घरचं लिहायचं नसतं. मी म्हटलं अगं खोडू नको, आजीला नीट विचार, गाव कुठलं, काम कुठलं, किती दिवस, आणि लिहून आण, मुलाखत म्हणून दे. फक्त आजीच्या सांगण्यावरून "संपूर्ण महाराष्ट्रात स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर होत्या" असं नाही म्हणता येत, आजी तिच्या गावापुरती साक्षीदार. पुरावा जेवढा, विधान तेवढंच.

पुस्तकातलं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हात घ्या, लेखक, वर्ष, पान द्या, आणि पुढे स्वतःचं एक वाक्य तरी लिहा की हे इथे का आणलं. नुसती लेखकाची री ओढली तर वाचणारा म्हणणार मी ते पुस्तकच वाचतो ना. आपल्या शब्दात मांडलं तरी नाव द्यायचंच, शब्द बदलले म्हणून कल्पना आपली होत नाही. संदर्भ द्यायची पद्धत तुमच्या विभागाने जी सांगितली असेल ती, कुठलीही असो, फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच. विकिपीडिया उघडायला हरकत नाही पण तिथे थांबू नका, खाली ज्या पुस्तकांची नावं आहेत तिकडे जा. गाईडमधून उतरवणाऱ्यांना एकच सांगते, चूक पण तशीच उतरते हो, एकदा तीन जणांच्या वहीत "रोजगार हानी योजना" आलं होतं. मोबाईलमधल्या एआयचं पण तेच, ते गुळगुळीत लिहून देतं पण सन आणि नावं ठोकून देतं, तपासायची तुम्हालाच.

सुरुवात सगळ्यात शेवटी लिहा. हो, खरंच. आपल्याकडे नमनाला घडाभर तेल जाळायची सवय, "प्राचीन काळापासून मानव...", "भारत हा कृषिप्रधान देश आहे...", ते सगळं कापा. मधले परिच्छेद झाले की तुम्हाला कळलेलं असतं आपण काय म्हटलंय, मग पाच-सहा वाक्यात प्रश्न काय, आपलं विधान काय, कुठल्या वाटेने जाणार ते सांगा. समारोपात नवीन माहिती घुसवू नका आणि "शासनाने जनजागृती करावी" तर अजिबात नको. २००५ ला केंद्राने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला त्यातही काम मागायचा हक्क आणि भत्ता या गोष्टी आल्या, असं काहीतरी, म्हणजे तुमच्या विधानाचा पुढे कुठे संबंध लागतो ते दाखवून थांबा.

भाषेचं म्हणाल तर जड लिहिलं म्हणजे अभ्यासू होत नाही. "सदर योजनेच्या अंमलबजावणीच्या अनुषंगाने" याच्याऐवजी "योजना राबवताना" लिहा, कोणी मार्क कापत नाही. इंग्रजी पुस्तक वाचून लिहीत असाल तर पुस्तक मिटा आणि मग लिहा, नाहीतर "सरकारद्वारे घेतला गेलेला निर्णय" असली वाक्यं येतात, सरळ "सरकारने निर्णय घेतला" म्हणा की. "खूप", "अत्यंत", "भीषण" दिसलं की तिथे आकडा किंवा प्रसंग टाकता येतो का बघा.

देण्याच्या आदल्या दिवशी एक करा. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एकाखाली एक उतरवा आणि वाचा. निबंधाचा सांगाडा तिथे कळला पाहिजे. कुठे उडी बसली तर तिथे परिच्छेद राहिलाय, दोन वाक्यं तेच सांगतायत तर एक उडवा. मग मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम द्या (मला स्वतःला हे इथे जमलेलं नाही, ते सोडा, मी असाइनमेंट देत नाहीये).

आणि टाइप करून देणार असाल तर युनिकोडमध्येच करा आणि पीडीएफ पाठवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली वर्डची फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, मग रात्री अकराला "मॅडम मिळाली का?" असा मेसेज येतो, आणि फाइलचं नाव "फायनल फायनल २" असतं, नाव नाही, रोल नंबर नाही, कोणाची आहे ते मी कशावरून ओळखायचं?