बर्लिनमध्ये घरासाठीच्या अर्जांना उत्तरच येत नसेल तर : माझा अनुभव

नोकरीचा करार हाती असूनही बर्लिनमधील भाड्याच्या घरांसाठी केलेल्या अर्जांना एक तर उत्तर येत नसे, नाहीतर ‘शुफा’, म्हणजे पतइतिहासाचा अहवाल, मागितला जाई. जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाकडे असा इतिहास नसतोच. मायदेशातील बँकेचे पत्र पाठवूनही फरक पडला नाही, आणि अधिक अनामत देऊ करण्यात अर्थ नव्हता, कारण कायद्यानेच ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापुरती मर्यादित आहे. तो काळ अतिशय मनस्तापाचा होता.

कायमच्या घराचा शोध थांबवल्यावर मार्ग निघाला. प्रथम काही महिन्यांसाठी सुसज्ज घर घेतले, तेही घरमालक ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे आपण तेथे राहायला आल्याचा दाखला, देईल हे लेखी कबूल करून घेतल्यावरच. हा दाखला नाकारणारे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण पत्त्याची नोंदणी त्याशिवाय होत नाही. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ही नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी शहरातील कोणत्याही ‘ब्यूर्गरआम्ट’मध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, मिळेल ती वेळ घेता येते.

त्यानंतर बँक खाते उघडले, त्यात पगार जमा होऊ लागल्यावर शुफाचा अहवाल मागवला, आणि तीन पगारपत्रके हाती येताच ती, नोकरीचा करार, अहवाल व भाडे थकीत नसल्याचे तात्पुरत्या घरमालकाचे पत्र एकाच पीडीएफमध्ये जोडून, जर्मन भाषेतील छोट्या परिचयपत्रासह, जाहिरात दिसताक्षणी अर्ज पाठवले. घर पाहण्याची बोलावणी येऊ लागली आणि त्यांतूनच करार झाला. अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. घर पाहण्यापूर्वी मात्र कोणालाही पैसे पाठवू नयेत.