मॅग्नेटाइट उत्प्रेरकावर बिजिनेली अभिक्रिया: कृती, चुका आणि पडताळणी

बेंझाल्डिहाइड, इथाइल अॅसिटोअॅसिटेट आणि युरिया एकाच फ्लास्कमध्ये तापवून सहा अणूंचं डायहायड्रोपिरिमिडिनोन वलय तयार करायची पद्धत पिएत्रो बिजिनेली यांनी १८९१ मध्ये मांडली. त्यात आम्ल लागायचं. त्याच्या जागी मॅग्नेटाइटचे (लोहाच्या काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या ऑक्साइडचे) नॅनोकण वापरले, तर काम झाल्यावर बाहेरून चुंबक लावून उत्प्रेरक वेगळा काढता येतो. ही कृती एम.एस्सी. प्रोजेक्टच्या प्रयोगशाळेत बसते. पण उत्प्रेरक चुंबकाला चिकटला म्हणजे अभिक्रिया त्यानेच घडवली, असं ठरत नाही. त्यासाठीच्या चाचण्या कृतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

नॅनोकण तयार करणं

१०० मि.लि. डिस्टिल्ड पाणी १५ मिनिटं उकळा आणि नायट्रोजनचे बुडबुडे सोडत थंड होऊ द्या. बोअरचं पाणी इथे चालणार नाही. त्यातल्या क्षारांचा थर कणांवर बसतो आणि पुढची क्लोराइडची चाचणीही फसते. पाण्यात १ मि.लि. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून ५.४१ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट (२० मिलिमोल) आणि ३.९२ ग्रॅम मोर सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट (१० मिलिमोल) विरघळवा. बऱ्याच कृतींत फेरस क्लोराइड सांगतात, पण कॉलेजच्या कपाटातली ती बाटली बहुधा जुनी, पिवळी पडलेली असते. तसं झालं की फेरसचं प्रमाण घटलेलं असतं आणि फेरिक-फेरसचं २:१ हे गुणोत्तर बिघडतं. मोर सॉल्ट हवेत जास्त टिकतं. नायट्रोजनचा सिलिंडर नसेल तर मोर सॉल्ट १० टक्के जास्त, म्हणजे ४.३ ग्रॅम घ्या, कारण थोडं फेरस वाटेतच ऑक्सिडाइझ होतं.

द्रावण ७० ते ८० °से. पर्यंत तापवा, जोरात ढवळा आणि २५ टक्के अमोनियाचं २० मि.लि. द्रावण अर्ध्या मिनिटात ओता. थेंबथेंब घालू नका. पीएच हळूहळू चढला तर मध्येच पिवळट-तपकिरी ऑक्सिहायड्रॉक्साइड बसतात आणि ते नंतर पूर्ण काळे होत नाहीत. पीएच १० च्या आसपास हवा. त्यानंतर अर्धा तास त्याच तापमानाला ढवळत ठेवा.

ढवळण्यासाठी वरून फिरणारा मेकॅनिकल स्टरर घ्या. मॅग्नेटिक स्टररची गोळी स्वतःच चुंबक असल्याने सगळे कण तिच्याभोवती गोळा होतात, खाली नुसतं पाणी फिरत राहतं.

उन्हाळ्यात अमोनियाची बाटली सांभाळून उघडा. २५ टक्के अमोनिया साधारण ३८ °से. लाच उकळू लागतो आणि मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा त्याच्या वर असतो. बाटली तासभर बर्फात ठेवा, मगच फ्यूम हूडमध्ये, गॉगल आणि हातमोजे घालून झाकण फिरवा. अर्धी वापरून उन्हात राहिलेल्या बाटलीचा जोर कमी झालेला असतो. अशा वेळी मि.लि. मोजत बसू नका, पीएच पाहून घाला.

बीकरला बाहेरून निओडिमियम चुंबक लावा (जुन्या हार्ड डिस्कमधला उत्तम, स्पीकरचा फेराइट चुंबक दुबळा पडतो) आणि वरचं पाणी ओतून द्या. धुणं उदासीन होईपर्यंत आणि सिल्व्हर नायट्रेटने पांढुरकेपणा येणं (ही क्लोराइडची चाचणी) थांबेपर्यंत धूत राहा, शेवटी एकदा इथेनॉलने. व्हॅक्यूममध्ये ६० °से. ला वाळवा. सैद्धांतिक वजन २.३२ ग्रॅम. त्यापेक्षा जास्त भरलं तर पावडर ओली आहे किंवा धुणं अपुरं झालंय. कोरडी पावडर फार बारीक असते, ती मास्क लावूनच हाताळा.

रंग कोळशासारखा काळा हवा. हवेच्या ओव्हनमध्ये जास्त तापवल्यास पावडर तपकिरी होते, म्हणजे मॅगहेमाइट (फक्त फेरिक लोहाचं ऑक्साइड) झाला. मॅगहेमाइटही चुंबकाला जवळजवळ तितक्याच जोरात चिकटतो आणि एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखायच्या चाचणीत) दोघांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात (तांब्याच्या किरणांनी ३०.१, ३५.५, ४३.१, ५७.० आणि ६२.६ अंश). त्यामुळे केवळ एक्सआरडीवरून ‘शुद्ध मॅग्नेटाइट’ असं लिहू नका. ३३.२ अंशाला रेषा दिसली तर हेमॅटाइट (लोहाचं दुसरं, तांबडं ऑक्साइड) मिसळलाय.

वलय बांधणं

बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसले तर ते बेंझोइक आम्ल आहे. अल्डिहाइड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वाळवून, कमी दाबाखाली डिस्टिल करा. ही पायरी टाळली तर आम्ल मॅग्नेटाइटमधलं थोडं लोह विरघळवतं आणि विरघळलेलं लोह स्वतःच बिजिनेली घडवतं. मग श्रेय भलत्यालाच जातं.

५० मि.लि. च्या आर.बी. (गोल बुडाच्या) फ्लास्कमध्ये बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम (१० मिलिमोल), इथाइल अॅसिटोअॅसिटेट १.३० ग्रॅम (१० मिलिमोल), युरिया ०.९० ग्रॅम (१५ मिलिमोल) आणि उत्प्रेरक ११५ मि.ग्रॅ. (५ मोल टक्के) घ्या. द्रावकाशिवाय ८० °से. ला ढवळा. दर २० मिनिटांनी टीएलसी (पातळ थरावर ठिपके वेगळे करायची चाचणी) घ्या, द्रावक इथाइल अॅसिटेट व हेक्झेन १:१. २,४-डीएनपीच्या (डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिनच्या) फवाऱ्याने अल्डिहाइडचा ठिपका नारिंगी उठतो. तो उठेनासा झाला की थांबा. मिश्रण मध्येच घट्ट होऊन ढवळणं अडलं तर २-३ मि.लि. इथेनॉल टाका.

आता २० ते २५ मि.लि. गरम इथेनॉल घाला. पदार्थ विरघळला पाहिजे. थंड होऊ दिलं तर स्फटिकांच्या पोटात उत्प्रेरक अडकतो आणि चुंबक काही करू शकत नाही. चुंबक बाहेरून लावून गरम द्रावण लगेच ओतून घ्या. साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० °से. च्या वर कायमची घटू लागते, म्हणून तो हॉटप्लेटवर विसरू नका. द्रावण बर्फात थंड करा, गाळा, इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक पाडा. शंभर टक्के उतारा २.६० ग्रॅम, वितळणबिंदू २०२ ते २०४ °से. स्फटिक तपकिरी दिसले तर त्यात लोह आहे. वितळणबिंदू बराच खाली आणि पसरट आला तर न बदललेला युरिया गाळणीवर थंड पाण्याने धुऊन काढा.

श्रेय कुणाचं, हे तपासणं

उत्प्रेरकाविना तीच कृती, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ करा. बिजिनेली द्रावकाशिवाय १०० °से. च्या आसपास उत्प्रेरक नसतानाही चालते. हा कोरा प्रयोग नसलेला ‘९० टक्के उतारा’ काहीच सांगत नाही.

लोह विरघळतंय का हे पाहायला तीच अभिक्रिया १० मि.लि. इथेनॉलमध्ये रिफ्लक्सवर (वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत पडेल असं उकळत) लावा. अंदाजे निम्मी झाल्यावर चुंबकाने कण धरून गरम द्रव ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून दुसऱ्या फ्लास्कमध्ये घ्या आणि तापवणं चालू ठेवा. टीएलसीवर अभिक्रिया कोऱ्या प्रयोगापेक्षा वेगाने पुढे सरकली, तर काम द्रवातलं लोह करतंय. लोह ओळखायला वापरतात ते थायोसायनेट (फेरिक लोहाशी लाल रंग देणारं) थेट या द्रवात टाकू नका. उरलेल्या अॅसिटोअॅसिटेटशीही फेरिक लोह लालसर रंग देतं. थोडा द्रव क्रुसिबलमध्ये सुकवून जाळा, राख गरम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, मग चाचणी घ्या.

रिफ्लक्ससाठी नळ सोडून ठेवू नका. मिनिटाला अर्धा लिटर धरलं तरी तीन तासांत ९० लिटर पाणी मोरीत जातं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. डेझर्ट कूलरचा छोटा पंप बादलीत बुडवून कंडेन्सरला नळी जोडा आणि बादलीत बर्फाची पिशवी टाका. १५ लिटरवर दिवस निघतो.

पुनर्वापर मोजताना सर्वांत जास्त फसगत होते. वापरलेला उत्प्रेरक गरम इथेनॉलने दोनदा, इथाइल अॅसिटेटने एकदा धुवा, ६० °से. ला वाळवा आणि वजन करा. दर खेपेला काही मि.ग्रॅ. हातातून जातात, तेव्हा पुढच्या खेपेला बाकीची द्रव्यं त्याच प्रमाणात कमी घ्या. अभिक्रिया शेवटपर्यंत जाऊ देऊन उतारे मोजले तर अर्धमेला उत्प्रेरकही पाचव्या खेपेला पहिल्याइतकाच उतारा दाखवतो, कारण वेळ भरपूर असतो. म्हणून प्रत्येक खेप अर्ध्या वाटेवर, ४०-५० टक्के रूपांतराला, एकाच वेळी थांबवून तुलना करा. वेग घटलेला दिसला तर पावडरचा आयआर (अवरक्त वर्णपट) काढा. ५८० सें.मी.⁻¹ च्या आसपासचा लोह-ऑक्सिजनचा पट्टा तसाच असून १७०० सें.मी.⁻¹ च्या आसपास कार्बोनिलचा पट्टा उगवला असेल, तर पृष्ठभागावर पदार्थ चिकटलाय, धुणं वाढवा. पावडरच तपकिरी झाली असेल तर ती बाजूला काढून नवी बनवा.